कथा, कादंबरी आणि मराठी वाचकाची पसंती

१

मराठी वाचकाला कथा अधिक प्रिय आहे की कादंबरी, हा प्रश्न वाङ्मयचर्चेत वारंवार उपस्थित होतो आणि त्याचे उत्तरही बहुधा ठरलेलेच असते. वाचनालयाच्या देवघेव विभागात कादंबऱ्यांना मागणी असते, कथासंग्रह कपाटात राहतात, प्रकाशक कथासंग्रह स्वीकारताना का-कू करतात. सबब मराठी वाचक हा कादंबरीप्रिय होय, असा निर्वाळा दिला जातो. ह्या निर्वाळ्यावर मग दोन प्रकारचे इमले उभे राहतात. कोणी म्हणतो, कादंबरी हा स्वभावतःच श्रेष्ठ वाङ्मयप्रकार असल्यामुळे वाचकाचा कौल तिच्याकडे जातो. दुसरा ह्याच्या नेमके उलट म्हणतो : आजच्या धावपळीच्या जीवनात वाचकाला सवड नाही, म्हणून भविष्यकाळ कथेचाच आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. ती दोन्ही वर्षानुवर्षे शेजारी शेजारी नांदत आली आहेत, ह्यावरून मूळ प्रश्नच नीट मांडला गेलेला नाही अशी शंका येते.

सवडीचा युक्तिवाद आधी निकालात काढणे सोपे आहे. सवड कमी होत जाईल तसतसे वाचन आखूड होत जाईल, हा नियम खरा असता तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत जाडजूड कादंबऱ्या मागे पडावयास हव्या होत्या. घडले ते उलट. रणजित देसाई ह्यांची 'स्वामी' १९६२ साली आली, 'श्रीमान योगी' १९६८ साली. ह्या दोहोंच्या मध्ये, १९६७ साली, शिवाजी सावंत ह्यांची 'मृत्युंजय' आली. विश्वास पाटील ह्यांची 'पानिपत' तर १९८८ ची. नोकरी, प्रवास आणि संसार ह्यांत गुरफटलेल्या माणसांनीच ही शेकडो पृष्ठांची पुस्तके वाचली आणि पुढच्या पिढीच्या हाती दिली. सवड नाही म्हणणारा वाचक सवड काढतो, आणि कशासाठी काढतो हे पृष्ठसंख्येवरून ठरत नाही.

श्रेष्ठत्वाच्या युक्तिवादाचा परामर्श शेवटी घ्यावा लागेल. तत्पूर्वी हे पाहिले पाहिजे की, ज्याला वाचकाची 'पसंती' म्हटले जाते ती कोठे आणि कोणत्या एककाने मोजली जाते. कथा आणि कादंबरी ह्यांची तुलना करताना प्रत्यक्षात तुलना होते ती कथासंग्रह आणि कादंबरी ह्यांची, म्हणजे पुस्तकाची पुस्तकाशी. परंतु कथासंग्रह म्हणजे कथा नव्हे. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे वाचकाच्या पसंतीचे चित्र बरेच पालटते.

२

प्रारंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल. 'गोष्ट' हा शब्द संस्कृत 'गोष्ठी'वरून आला. गोष्ठी म्हणजे माणसांची बैठक आणि तीत होणारे संभाषण. मराठीत ह्या शब्दाचा अर्थ 'बाब', 'वस्तू' इथपर्यंत पसरला, तरी त्याची मूळची संगत सुटली नाही. गोष्ट 'सांगतात' आणि 'ऐकतात'. 'कथा' हा शब्दही असाच श्रोत्यांसह येतो : कीर्तनाला कथा म्हणतात, पूजेनंतर कथा वाचली जाते. व्रताच्या कहाण्या तर सांगण्यासाठीच रचलेल्या असतात, आणि लांबलचक वृत्तान्त थोडक्यात आटोपल्याची ग्वाही देणारे ठरीव वाक्य त्यांच्या शेवटी येते. संक्षेप हा गुण आहे, ही जाणीव मराठी कथनपरंपरेत छापखान्याच्या आधीपासून आहे.

'कादंबरी' ह्या शब्दाची कुळकथा निराळी आहे. बाणभट्टाच्या एका ग्रंथाचे नाव मराठीने सबंध वाङ्मयप्रकाराला दिले. कन्नडनेही तेच केले. म्हणजे हा शब्द जन्मतःच ग्रंथाचा आहे. मराठीत 'कादंबरी सांग' असे कोणी म्हणत नाही. 'कादंबरीची गोष्ट सांग' असे म्हणतात. कादंबरी 'वाचून काढतात', 'संपवतात', तीत 'रमतात', 'गुंगतात', ती 'हातातून खाली ठेववत नाही'. कथेविषयी बोलताना हीच माणसे दुसरी क्रियापदे वापरतात : कथा 'आठवते', 'लक्षात राहते', आणि ती दुसऱ्याला 'सांगावीशी वाटते'. एकात वाचनकाळाचे वर्णन आहे, दुसऱ्यात वाचनोत्तर काळाचे. वाचकाची भाषा आधीच सांगत आहे की, हे दोन प्रकार त्याच्या लेखी एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसलेले नाहीत.

कथेच्या नावामागे लागलेल्या विशेषणांचा इतिहासही असाच उद्बोधक आहे. हरि नारायण आपटे ह्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकात (१८९०) ती 'स्फुट गोष्ट' होती. स्फुट, म्हणजे जी दीर्घ कादंबरीचा भाग नाही ती. 'मासिक मनोरंजन'मध्ये (१८९५) ती 'संपूर्ण गोष्ट' झाली. संपूर्ण, म्हणजे जिच्याखाली 'क्रमशः' असे लिहिलेले नाही ती. पुढे 'रत्नाकर' (१९२६), 'यशवंत' (१९२८) ह्या मासिकांच्या काळात 'लघुकथा' हे नाव रुळले आणि तिच्या तंत्राची चर्चा सुरू झाली. पाचव्या दशकात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर ह्यांच्या लेखनाबरोबर 'नवकथा' आली. कालांतराने सर्व विशेषणे गळून पडली आणि नुसती 'कथा' उरली. ह्यांतील पहिली तीन विशेषणे कादंबरीच्या संदर्भावाचून समजतच नाहीत. तुटलेली, न लांबणारी, लहान : कथेची व्याख्या मराठीने दीर्घ काळ नकारातूनच केली. वाचकाने कथेला दुय्यम मानले असेल, तर ह्या नामकरणाने त्याला तसे मानावयास शिकविले, असेही म्हणता येईल.

३

तथापि नावापेक्षा अधिक परिणाम स्थळाचा झाला. मराठी कादंबरीनेही आपले आरंभीचे आयुष्य नियतकालिकातच काढले. बाबा पदमनजी ह्यांचे 'यमुनापर्यटन' (१८५७) किंवा लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची 'मुक्तामाला' (१८६१) ही पुस्तके म्हणून आली खरी, परंतु रा. भि. गुंजीकर ह्यांच्या 'मोचनगड'ला 'विविधज्ञानविस्तार'चा आधार होता आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येत राहून १८९३ साली पुस्तकरूप झाली. 'करमणूक'च्या वाचकापुढे त्या काळी कथा आणि कादंबरी ह्यांत निवड करण्याचा प्रसंगच नव्हता. एकाच अंकात दोन्ही असत. यमूच्या आयुष्याचा पुढील भाग वाचण्यासाठी तो आठवडाभर थांबे आणि त्याच हाताने स्फुट गोष्टही वाची. गोष्ट त्याच दिवशी पुरी होई, यमू मात्र त्याच्या घरात राही.

दोघींची ताटातूट झाली ती सार्वजनिक वाचनालयांच्या प्रसाराबरोबर. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. पुढे गावोगाव वाचनालये निघाली आणि १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाने त्यांना शासकीय अनुदानाची चौकट मिळाली. ह्यांपैकी अनेक वाचनालयांत वर्गणीची एक साधी रीत रूढ झाली : वर्गणीदाराने एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक न्यावे. वाङ्मयाभ्यासकांनी ह्या रीतीकडे फारसे लक्ष दिलेले नाही. परंतु वाचकाच्या पसंतीची किल्ली पुष्कळशी तिच्यातच आहे. ज्याच्या पिशवीत एक पुस्तक आणि एक मासिक आहे, त्याला कथा मासिकात मिळतेच. मग पुस्तकाच्या जागी तो पुन्हा कथाच कशाला नेईल? तो कादंबरी नेतो. शिवाय कथासंग्रहातील कथा बहुधा आधी कोठल्या तरी मासिकात येऊन गेलेल्या असत. नियमित वाचकाला संग्रह म्हणजे अर्धे वाचलेले पुस्तक वाटे. देवघेवीच्या नोंदवहीत कादंबरीची नोंद होई ती कादंबरी म्हणून, आणि कथेची नोंद होई ती 'मासिक' म्हणून. त्या नोंदवहीवरून कथेला वाचक नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे घरी आलेल्या पाहुण्यांची गणती केवळ पुढच्या दाराने करण्यासारखे आहे.

'किर्लोस्कर', 'स्त्री', 'सत्यकथा', 'हंस' ह्यांसारख्या मासिकांच्या भरभराटीच्या काळात मराठी कथा घराघरांत वाचली जात होती. ती पुस्तकातून वाचली जात नव्हती, एवढेच. ह्यात पाठ्यपुस्तकाचीही भर घातली पाहिजे. १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले त्याआधी आणि त्यानंतरही, मराठी माध्यमात शिकलेल्या प्रत्येक मुलाने 'धडा' ह्या नावाखाली कथा वाचल्या आहेत. ज्याने आयुष्यात एकही कथासंग्रह उघडला नाही, त्यालाही शाळेतील एखादी कथा आठवत असते. सर्वाधिक माणसांपर्यंत पोचलेला गद्यकथनप्रकार कोणता, असे विचारले तर उत्तर कादंबरी असे निःसंशय देता येणार नाही.

नंतर ही व्यवस्था मोडली. १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडले. इतर मासिकेही एकामागून एक मिटली किंवा त्यांतील कथेची जागा आटली. कथेला उरला तो मुख्यतः दिवाळी अंक. १९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही प्रथा टिकली आणि वाढली. पण जी कथा वाचकाला दरमहा भेटत असे ती आता वर्षाकाठी, एकाच पंधरवड्यात, शेकडो अंकांतून एकदम कोसळू लागली. दिवाळी अंकाने आपल्या मापाचा एक वेगळा प्रकारही जोपासला, तो म्हणजे दीर्घकथा. भारत सासणे ह्यांच्यासारख्या लेखकाने तिला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. तरीही नित्याच्या वाचनातून कथा उठली हे नाकारता येत नाही. तिला प्रथमच कादंबरीशी कादंबरीच्याच आखाड्यात, म्हणजे पुस्तकाच्या रूपाने, सामना द्यावा लागला. त्या सामन्यात ती मागे का पडते, ह्याचे कारण भाषेत शोधावे लागते.

४

कोणतेही कथन वाचू लागणे म्हणजे एका अपरिचित जगात पाय टाकणे. स्थळ, काळ, माणसे, त्यांची परस्परनाती आणि सांगणाऱ्याचा सूर ह्या गोष्टी वाचकाला पहिल्या काही परिच्छेदांतून जुळवाव्या लागतात. ह्या जुळवाजुळवीला श्रम पडतात. कादंबरीत ते श्रम एकदाच पडतात आणि पुढील तीनशे पृष्ठे त्यांवर निभावतात. बारा कथांच्या संग्रहात ते बारा वेळा करावे लागतात. 'कथासंग्रह सलग वाचवत नाही' अशी जी तक्रार वाचक करतात, तिचे मूळ येथे आहे. ती कथेविरुद्धची तक्रार नव्हे. बारा आरंभ एका दमात पचविण्याविरुद्धची आहे. एडगर ॲलन पो ह्याने १८४२ साली कथेला 'एका बैठकीचे' वाचन म्हटले, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे सुटी कथा होती. एका बैठकीची एक कथा हे प्रमाण संग्रहात मोडते आणि दोष मात्र कथेच्या पदरी पडतो.

हे श्रम कमी-अधिक होण्यात मराठी क्रियापदाचा मोठा वाटा आहे. जुन्या वळणाची कादंबरी पुष्कळदा रीतिभूतकाळाने उघडते : अमका पहाटे उठे, नदीवर जाई, परत येऊन ओसरीवर बसे. ही रूपे आज बोलण्यातून जवळजवळ गेली आहेत. बोलताना 'उठायचा', 'जायचा' असे म्हणतात. त्यामुळे 'उठे', 'जाई' हे रूप कानी पडताच वाचकाला दोन सूचना मिळतात : एक, हे कथन आहे, दोन, येथे घाई नाही. नित्यक्रम सांगणारे जग स्थिर असते. त्यात वाचकाला बसावयाला जागा मिळते आणि कथानकाचा पहिला धक्का बसण्यापूर्वी तो तेथील रहिवासी झालेला असतो.

नवकथेने आणि तिच्यानंतरच्या कथेने ही ओसरी काढून टाकली. 'थांबली. मग पुन्हा चालू लागली.' अशा धर्तीवर कथा सुरू होऊ लागली. येथे नाव नाही, सर्वनामही नाही. तरी मराठी क्रियापद लिंगवचनाने विकार पावत असल्यामुळे चालणारी स्त्री आहे आणि ती एकटी आहे एवढे वाचकाला कळते. अनामिक आरंभ मराठीला इतका सहज साधतो ह्याचे श्रेय भाषेच्या रचनेला आहे. मात्र ती कोण, कोठली, कशासाठी थांबली, हे वाचकाने स्वतः हुडकावयाचे असते. सुट्या कथेत हा शोध आनंददायक असतो. सलग पाचव्या कथेत तोच शोध थकवा आणतो.

'पण लक्षात कोण घेतो?' ह्या कादंबरीत ह्याच व्याकरणविशेषाचा अगदी वेगळा उपयोग दिसतो. निवेदन यमूचे, प्रथमपुरुषी आहे. मराठीत सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्त्याचे लिंग दाखवीत नाही, पण अकर्मकाचा दाखवितो. 'गेले', 'बसले', 'घाबरले' अशा प्रत्येक रूपातून बोलणारी स्त्री आहे ह्याचे स्मरण वाचकाला होत राहते. शेकडो पृष्ठांवर, आणि मूळ वाचकाच्या बाबतीत काही वर्षे, हे स्मरण साचत जाते. कादंबरीचा वाचक ज्याला 'रमणे' म्हणतो, त्यात ह्या साचण्याचा भाग फार मोठा आहे. कथेला हे साचणे परवडत नाही. तिला एका खुणेत काम भागवावे लागते.

५

ही मीमांसा पडताळून पाहण्यासाठी एकाच लेखकाची, एकाच प्रदेशाची आणि जवळजवळ एकाच काळाची दोन पुस्तके शेजारी ठेवणे इष्ट होईल. व्यंकटेश माडगूळकर ह्यांचे 'माणदेशी माणसं' हे पुस्तक १९४९ चे. 'बनगरवाडी' ही कादंबरी १९५५ ची. दोहोंत माणदेशचा तोच उजाड मुलूख आहे, तीच अल्पाक्षरी गद्यशैली आहे, आणि दोन्ही पुस्तके वाचकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचली आहेत. वाचक कथेपेक्षा कादंबरीला झुकते माप देतो हे सार्वत्रिक सत्य असते, तर 'माणदेशी माणसं' केव्हाच मागे पडावयास हवे होते.

ते का पडले नाही? कारण ह्या पुस्तकात आरंभाचे श्रम वाढत जात नाहीत. प्रत्येक लेखाला एका माणसाचे नाव आहे. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली ही शीर्षकेच माणसाची ओळख करून देतात. सांगणारा एकच आहे, गावगाडा एकच आहे. दुसरा लेख संपता संपता वाचक त्या मुलखात स्थिरावतो. तिसऱ्यापासून त्याला फक्त नवा माणूस ओळखावा लागतो, नवे जग नव्हे. म्हणजे संग्रहाने कादंबरीची सोय वाचकाला देऊ केली, आणि तरीही प्रत्येक लेख सुटा राहिला.

उलटपक्षी, 'बनगरवाडी'चे कथानक कथानक म्हणावे इतकेही भरीव नाही. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा सुरू करतो, वाडीच्या लोकांकडून तालीम बांधवितो. मग दुष्काळ पडतो, आणि मेंढरे घेऊन लोक परागंदा होतात. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, दादू बालट्या हे ह्या धाग्यात ओवलेले मणी आहेत. ह्यांतील प्रत्येकावर 'माणदेशी माणसं'च्या धर्तीचा लेख होऊ शकला असता. परंतु मास्तर वाडीत नवखा आहे आणि वाचकही नवखा आहे. दोघांचा प्रवेश एकाच वेळी, एकाच वेगाने होतो. मास्तरला ज्याची ओळख पटते त्याचीच वाचकाला पटते. आरंभाचे श्रम हाच येथे कादंबरीचा विषय झाला आहे.

मग फरक कोठे पडतो? तो पुनर्भेटीत पडतो. 'धर्मा रामोशी' ह्या लेखात एका जुन्या धोतराभोवती सारे दारिद्र्य उभे राहते आणि लेख संपतो. धर्मा पुन्हा भेटत नाही. तो न भेटणे हाच त्या लेखाचा परिणाम आहे. 'बनगरवाडी'तील कारभारी मात्र परत परत भेटतो. आधी मास्तरचा आधार, मग रुसलेला, दुरावलेला, मग पुन्हा जवळ आलेला. आणि प्रत्येक भेटीत मागील भेटीची स्मृती वाचकाजवळ असते. अखेरीस वाडी ओस पडते तेव्हा वाचकाला जे रितेपण जाणवते, ते त्या साऱ्या भेटींच्या बेरजेतून आलेले असते. कथेतील वियोग अकस्मात येतो, कादंबरीतील वियोग कमावलेला असतो. एकाच वाचकाला दोन्ही हवे असतात. वेगवेगळ्या वेळी हवे असतात, एवढेच. ह्याला पसंती म्हणण्यापेक्षा गरज म्हणणे अधिक योग्य होईल.

६

ह्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला जी. ए. कुलकर्णी ह्यांच्या उदाहरणाचा. 'निळा सावळा' (१९५९), 'पारवा' (१९६०), 'हिरवे रावे' (१९६२), 'रक्तचंदन' (१९६६), 'काजळमाया' (१९७२), 'पिंगळावेळ' (१९७७) हे सर्व कथासंग्रह. ह्या लेखकाने आपली प्रतिष्ठा कादंबरीवाचून मिळविली. त्याच्या कथांचे आरंभ सोपे नाहीत, शेवट तर नाहीतच. तरीही त्याचे संग्रह वाचकाने पुस्तक म्हणूनच मागितले, विकत घेतले, पुन्हा पुन्हा वाचले. हा आक्षेप वस्तुतः मूळ मुद्द्याला बळकटीच देतो. जी. एं.च्या संग्रहांत माणसे बदलतात, गावे बदलतात, 'रमलखुणा'सारख्या पुस्तकात (१९७५) तर काळ आणि भूमीही अनोळखी होतात. परंतु नियतीपुढे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी आणि प्रतिमांनी भारलेली वाक्यरचना बदलत नाही. वाचक एकदा ती भाषा शिकला की, पुढील प्रत्येक कथेत तो परका राहत नाही. माडगूळकरांच्या पुस्तकात जे काम प्रदेशाने केले, ते येथे शैलीने केले.

दुसरा आक्षेप ऐकलेल्या कथेचा. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि माडगूळकर ह्यांच्या कथाकथनाला सभागृहे भरत. पुढे व. पु. काळे ह्यांच्या कथा ध्वनिफितींवरून घरोघर ऐकल्या गेल्या. कादंबरीप्रिय म्हणविणारा समाज तिकीट काढून कथा ऐकावयास जातो, ह्याची संगती कशी लावावयाची? 'गोष्ट' ह्या शब्दाची कुळकथा येथे उपयोगी पडते. कथा तिच्या मूळ स्थळी, म्हणजे गोष्ठीत, परत गेली की तिला वाचक शोधावा लागत नाही. भाषेच्या दृष्टीने आणखीही एक गोष्ट घडते. ग्रामीण कथेतील बोली छापील पानावर नगरवासी वाचकाला अडखळविते. लेखनपद्धतीत न बसणारे उच्चार डोळ्यांना परके वाटतात. तीच बोली कानावर पडली की अडसर दूर होतो, कारण हेल आणि विराम अर्थ पुरवितात. कादंबरीच्या वाचकाला बोली शिकावयास पृष्ठे मिळतात. कथेच्या श्रोत्याला सांगणाऱ्याचा आवाज मिळतो. कथेचा मूक वाचक मात्र ह्या दोन्ही साहाय्यांना मुकतो. कथेचे वाचन अवघड का, ह्याचे उत्तर तिच्या लांबीत नसून ह्या एकाकीपणात आहे.

७

आता श्रेष्ठत्वाच्या प्रश्नाकडे वळता येईल. लघुकथा हा कादंबरीच्या मानाने गौण प्रकार होय, ही भूमिका मराठीत सर्वांत आग्रहाने मांडली ती 'कोसला'कार (१९६३) भालचंद्र नेमाडे ह्यांनी. कथेची वाढ नियतकालिकांच्या गरजांतून झाली, तिच्या आवाक्यात जीवनाचा मोठा पट येत नाही, असा तिचा आशय आहे. ह्यातील ऐतिहासिक निरीक्षण खरे आहे. वर दाखविल्याप्रमाणे मासिक हेच कथेचे घर होते. परंतु घर कोणते, ह्यावरून घरात राहणाराची योग्यता ठरत नाही. मराठी कादंबरीही हप्त्याहप्त्यांनी, साप्ताहिकाच्या गरजेनुसारच वाढली. त्यामुळे 'पण लक्षात कोण घेतो?' लहान झाली नाही. पटाचे म्हणाल तर बाबूराव बागूल ह्यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) ह्या संग्रहाने मराठी गद्यात जे प्रथमच आणले, ते आणण्यासाठी कादंबरीच्या विस्ताराची वाट पाहावी लागली नाही. हा संग्रह 'कोसला'च्याच वर्षीचा आहे, हे ह्या वादात बहुधा विसरले जाते.

ह्या वादात खरोखर काय पणाला लागले आहे ते येथे स्पष्ट होते. कथा हे मराठी वाङ्मयाचे प्रवेशद्वार आहे. ज्याच्या मागे ग्रंथसंग्रह नाही, निवांत खोली नाही, सलग वर्षभर लेखनाची सोय नाही, असा लेखक बहुधा प्रथम कथा घेऊन येतो. साहित्य अकादेमीने २०१२ साली जयंत पवार, २०१६ साली आसाराम लोमटे आणि २०२१ साली किरण गुरव ह्यांच्या कथासंग्रहांना पुरस्कार दिले. गिरणगाव, मराठवाड्याचे खेडे आणि कोल्हापूरकडील ग्रामीण जग ही ह्या तीन लेखकांची अनुभवक्षेत्रे पाहिली, म्हणजे कथेचे काम संपलेले नाही हे दिसून येते. 'वाचकाला कथा नको असते' हे अर्धसत्य प्रकाशनव्यवहाराचा नियम होऊन बसले, तर अशा लेखकांपुढे दोनच मार्ग उरतात : कथेला पाणी घालून तिची कादंबरी करणे, किंवा न लिहिणे. वाचकाच्या नावाने दिलेला हा निकाल प्रत्यक्षात वाचकाने दिलेलाच नाही.

वाचकाने दिलेला कौल जर काही असेल, तर तो असा वाचता येतो. पुस्तकाच्या रूपाने त्याला एक प्रवेश आणि अनेक भेटी हव्या असतात; कादंबरी त्या देते, आणि एकसंध संग्रहही त्या देऊ शकतो. सुट्या रूपात त्याला एक भेट आणि तिची आठवण हवी असते. ती फक्त कथा देते. मासिके होती तोवर त्याच्या दोन्ही गरजा भागत होत्या आणि त्याला निवड करण्याचे कारण पडत नव्हते. मासिके गेली आणि निवड त्याच्यावर लादली गेली.

ह्यातून काही व्यावहारिक सूचनाही निघतात. वाचनालयांनी वाचकांच्या आवडीची नोंद करताना दिवाळी अंक आणि इतर नियतकालिके ह्यांची देवघेव कथावाचनाच्या हिशेबात धरली पाहिजे. संपादकांनी संग्रह बांधताना केवळ प्रसिद्धीचा क्रम न पाहता, वाचकाला वारंवार नव्याने प्रवेश करावा लागू नये अशी कथांची मांडणी करावी. विद्यापीठीय अभ्यासक्रमात सबंध संग्रह नेमण्याऐवजी वेगवेगळ्या लेखकांच्या सुट्या कथा नेमून त्या वर्गात मोठ्याने वाचल्या जाव्यात. असे झाल्यास कथा आणि कादंबरी ह्यांपैकी वाचकाला काय आवडते, हा प्रश्न निदान योग्य पुराव्यावर विचारता येईल.